धूळ पचत नाही, तेव्हा फुफ्फुसात काय होते?

आपल्या वस्तीतले कितीतरी जण ग्रॅनाइट कापायला, काँक्रीट फोडायला, फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर कामाला जातात. अंगावरची धूळ आपण घरी येऊन धुतो. श्वासातून आत गेलेली मात्र धुता येत नाही.

फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. तिथे भक्षक पेशी पहारा देतात. जंतू आला की त्या त्याला गिळून पचवतात. धुळीतला सिलिकाचा कणही त्या गिळतात, पण तो पचत नाही. उलट पेशीच मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. मरताना या पेशी सूज आणणारी रसायने सोडतात. त्यामुळे जखम भरणाऱ्या पेशी चिवट धागे विणत राहतात. फुफ्फुसात वण पडतात, ते कडक होते, दम लागू लागतो. हाच सिलिकोसिस. हे वण औषधाने जात नाहीत. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

दुबळ्या झालेल्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूलाही नीट आवरू शकत नाहीत. म्हणून अशा कामगारांना क्षयाचा धोका जास्त. खोकला २ आठवडे टिकला, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. आपण कोणते काम किती वर्षे केले, हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. नाहीतर एक्स-रेवरचे वण नुसता क्षय समजले जाऊ शकतात.

रुमालाने ही बारीक धूळ अडत नाही. पाणी मारून कापणे आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, या दोन गोष्टी मालकाकडे मागू या. एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून.