ब्राउझरमधील प्रत्यक्ष संभाषण

दूरच्या तज्ज्ञाचा पाठ वर्गात संगणकावर चालू असावा आणि मुलांच्या शंकांचे तत्काळ निरसन व्हावे, यासारखा लाभ नाही. परंतु ऐन वेळी पडदा काळाच राहतो व पाठ रद्द होतो. अशा वेळी दोष यंत्राचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो ब्राउझरचा असतो. म्हणून शिक्षकांनी त्यामागील तत्त्व समजून घेणे इष्ट आहे.

सामान्य पान उघडताना ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर धाडतो व व्यवहार संपतो. हा जणू पत्रव्यवहार होय. संभाषणास मात्र आवाज व चित्र यांचा अखंड प्रवाह लागतो. पूर्वी त्यासाठी निराळे जोड-प्रोग्राम बसवावे लागत. २०११ साली गूगलने 'वेबआरटीसी' हे तंत्र सर्वांस खुले केले. ते क्रोममध्ये २०१२ साली, फायरफॉक्समध्ये २०१३ साली, तर सफारीत २०१७ साली आले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते कधीच आले नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यास अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

एकवाक्यता होण्यास विलंब का लागला? चित्र संक्षिप्त करून धाडण्याच्या 'व्हीपी८' व 'एच.२६४' अशा दोन पद्धती होत्या. एकाने मोडीत लिहिले व दुसऱ्यास केवळ बाळबोध येत असली, तर पत्र पोचूनही वाचता येत नाही, तसेच हे. अखेर ब्राउझरांना दोन्ही पद्धती याव्यात, असे २०१४ साली ठरले.

पाठापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१. आदल्या दिवशी ब्राउझर अद्ययावत करून चाचणी घ्यावी.

२. पत्ता 'एचटीटीपीएस' ने सुरू होतो, हे पाहावे. एरवी ब्राउझर कॅमेरा व मायक्रोफोन उघडू देत नाही.

३. परवानगी चुकून नाकारली गेली असल्यास पत्त्याच्या पट्टीजवळील चिन्हावरून ती पुन्हा द्यावी.

४. तरीही चित्र न दिसल्यास दुसरा ब्राउझर वापरावा. तेथे चित्र दिसले, तर यंत्र निर्दोष आहे असे समजावे.

५. जोडणी मंद असल्यास चित्र बंद करून आवाज राखावा. आवाजास चित्राहून फारच कमी क्षमता लागते.

ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्यास शाळेतील संगणक हीच एक खिडकी असते. केवळ जुन्या ब्राउझरपायी ती बंद राहू नये, एवढी दक्षता आपल्या हाती आहे.