चूल बांधणारी बाई

आपल्या नगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. नाव नवे झाले, पण भाकरी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच भाजते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. गरिबाच्या घरी गॅस आला. चांगले झाले. पण टाकी संपली आणि हातात पैसा नसला, की बाई पुन्हा सरपण गोळा करते. आंघोळीचे पाणी तर चुलीवरच तापते. म्हणून चुलीचा विचार आपण सोडून चालणार नाही.

धूर काय करतो?

डोळे चुरचुरतात, हे रोजचेच झाले आहे. "त्यात काय एवढं?" असे आपण म्हणतो. पण धूर तेवढ्यावर थांबत नाही. तो छातीत उतरतो. त्याने खोकला जडतो, दम लागतो. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. आईजवळ बसलेल्या लहान लेकराला न्यूमोनिया होण्याचे भय वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. म्हणजे हा काही बायकांचा किरकोळ त्रास नव्हे.

दुसरी गोष्ट सरपणाची. आपला मुलूख कमी पावसाचा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी केली, डोंगरावरची झाडे राखली, पाणी अडवले. गाव सुधारले. पण झाड तोडायचे नाही, तर चुलीत काय घालायचे? त्याला एक उपाय असा, की चुलीचे खाणे कमी करावे.

जुनी चूल इतके का खाते?

तीन दगडांची चूल पाहा. जाळ चोहीकडून उघडा असतो. वारा आला की जाळ भांड्याखालून बाजूला पळतो. आत राख साचली की खालून हवा मिळत नाही. मग लाकूड धुमसते आणि आपण फुंकणी घेऊन बसतो. लाकडात उष्णता शंभर भाग धरली, तर भांड्याला जेमतेम दहा-पंधरा भाग लागते. बाकीची वाऱ्यावर जाते. चांगल्या सुधारलेल्या चुलीत वीस भागांहून जास्त उष्णता भांड्याला लागते.

त्या चुलीत तीन गोष्टी असतात. लाकडाखाली जाळी असते. राख खाली पडते आणि हवा वर येते. चुलीपासून वैलापर्यंत आतून बोगदा असतो. चुलीवर भाकरी होते, तेव्हा त्याच जाळावर वैलावरची डाळ शिजते. वैलाच्या मागे धुराडे असते. ते धूर छपराबाहेर नेते.

माप का पाळायचे?

बोगदा फार मोठा झाला, तर धुराडे जाळ ओढून नेते. मग डाळ शिजत नाही. बोगदा लहान झाला, तर धूर उलटा घरात येतो. दोन बोटांचा फरक पडला, तरी चूल बिघडते. वैलाचे तोंड आपल्या घरच्या भांड्याला बसेल एवढेच हवे. चूल पेटलेली असताना वैल उघडा ठेवू नये. त्यातून धूर निसटतो. काही शिजवायचे नसेल, तर पाण्याचे पातेले ठेवावे. पाणी आपोआप तापते.

एवढे चांगले, तर मग टिकले का नाही?

ही काही आजची युक्ती नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४७ च्या सुमारास मगन चूल काढली. १९५३ साली हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तक लिहिले. पुढे १९८० नंतर सरकारने देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला. तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम थांबला. तोवर पुष्कळ चुली मोडल्या होत्या.

का मोडल्या? कित्येक ठिकाणी बाहेरचा माणूस आला, चूल बांधून गेला. आकडा भरला. पुढे भेग पडली, धुराडे काजळीने भरले, तेव्हा घरात कोणाला काही कळेना. बाईने कंटाळून धुराडे काढले, वैल बुजवला आणि पुन्हा तीन दगड मांडले. बाईचा दोष नव्हता. चूल दिली होती, पण चुलीची विद्या दिली नव्हती.

विद्या बाईच्या हाती

पुण्याची 'आरती' ही संस्था १९९६ साली सुरू झाली. डॉ. आनंद कर्वे हे तिचे संस्थापक. या संस्थेने 'लक्ष्मी' नावाची दोन भांड्यांची, धुराड्याची चूल साच्यावर बांधायला शिकवली. साचा असला की माप चुकत नाही.

"पण आम्हाला हे जमेल का?" असे काही बाया विचारतात. आपल्याच जिल्ह्यातले जामखेड पाहा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायांना शिकवले. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या बाळंतपण करायला शिकल्या, आजार ओळखायला शिकल्या. मग चूल तर आपण रोज सारवतो! माती आपल्या हाताला ओळखीची आहे.

शिकवणीत काय शिकावे?

माती कालवावी. नुसती काळी माती भेगाळते. चिकणमातीत भुसा आणि शेण घालून ती रात्रभर मुरू द्यावी. साच्यावर चूल बांधावी. साचा काढून आतला बोगदा हाताने गुळगुळीत करावा. चूल सावलीत हळूहळू वाळू द्यावी. ओली चूल पेटवली तर ती तडकते. धुराडे छपराच्या वर काढावे. पाचटाचे छप्पर असेल, तर धुराड्याभोवती मातीचा जाड गळा करावा. नाहीतर आग लागेल.

सगळ्यांत मोठा धडा दुरुस्तीचा. धुराड्यातली काजळी वरचेवर झाडावी. भेग दिसली की त्याच दिवशी लिंपावी. लाकूड वाळलेले आणि बारीक फोडलेले घालावे. ओल्या लाकडाने चांगली चूलसुद्धा धुरकटते.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळींनी ऐकावी. गवंड्याला आपण मजुरी देतो. तशीच चूल बांधणारीला बांधणावळ द्यावी. "बाईमाणूस आहे, करील फुकट" असे म्हणू नये. तिला चार पैसे मिळाले, तर ती बोलावल्याबरोबर दुरुस्तीला येईल.

गावात अशी एक बाई तयार झाली, की तिच्याकडून दुसरी शिकेल. मग भेग पडली म्हणून कोणालाही चूल टाकून द्यावी लागणार नाही.

सांगा पाहू

१. जाळीचा उपयोग काय?
२. वैल उघडा का ठेवू नये?
३. पुष्कळ सरकारी चुली का मोडल्या?
४. आपल्या घरी आठवड्याला किती सरपण लागते? मोजून वहीत लिहा.