विक्का शिकायचंय म्हणता?

विक्का या आधुनिक चेटूक-पंथाच्या इंग्लंडातल्या मंडळींमध्ये माझी बरीच वर्षं ऊठबस आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईची, कधी लंडनला शिकायला आलेली एखादी मुलगी हमखास विचारते, ‘मलाही शिकायचंय, सुरुवात कुठून करू?’ मुलगेही विचारतात, पण कमी. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

१. आधी इतिहास, मग मेणबत्त्या. विक्का प्राचीन आहे हे डोक्यातून काढा. तो माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे. जेराल्ड गार्डनर हा मलायातल्या कस्टम्सच्या नोकरीतून निवृत्त झालेला इंग्रज. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या कोव्हनने, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्या छोट्या गटाने, आपल्याला दीक्षा दिली, असं तो सांगे. इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. प्रस्तावना मार्गारेट मरे यांची. ख्रिस्तपूर्व काळातला एक धर्म युरोपात लपूनछपून टिकला, हा मरेबाईंचा सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढलाय. युरोपात चेटकिणी ठरवून ‘नव्वद लाख बायका जाळल्या’ हाही असाच ऐकीव आकडा. अभ्यासकांचा अंदाज ४० ते ६० हजारांचा आहे, त्यात पुरुषही होते आणि इंग्लंडात बहुतेकांना फाशीच दिली जाई. रोनाल्ड हटन यांचं १९९९ चं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ वाचा. जाडजूड आहे, तरी वाचा. ते वाचूनही ओढ टिकली तर पुढे चला.

२. ‘पूर्वापार चालत आलंय’ असं कुणी म्हणालं, की कधीपासून ते विचारा. डोरीन व्हॅलिएंटने हेच केलं. गार्डनरने तिला १९५३ मध्ये दीक्षा दिली. आज जगभर विधींत म्हटला जाणारा बराच मजकूर तिच्या हातचा. गार्डनरला वर्तमानपत्रांत झळकायची भारी हौस. त्याला आवर घालायला डोरीन आणि तिच्या साथीदारांनी काही नियम सुचवले, तर याने चक्क ‘प्राचीन नियम’ काढून पुढे ठेवले. त्यातलं एक कलम असं, की मुख्य पुजारणीने वेळ आली की तरुण स्त्रीसाठी आपणहून जागा सोडावी! इतके दिवस हे नियम होते कुठे? १९५७ मध्ये ती बाहेर पडली आणि साथीदारांसह वेगळं कोव्हन काढलं. माझ्या मते या पंथातली सगळ्यात शिकण्यासारखी व्यक्ती हीच.

३. दीक्षेचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. गार्डनरपासून चालत आलेल्या गार्डनेरियन परंपरेत दीक्षा विकत नाहीत. साधारण वर्ष आणि एक दिवस शिकायचं, मग दोन्ही बाजूंनी ठरवायचं. आठवड्याभरात ‘हाय प्रीस्टेस’चं प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन कोर्स त्यातले नव्हेत.

४. कोव्हनआधी मूटला जा. मूट म्हणजे पेगन, म्हणजे विक्का आणि तत्सम निसर्गपूजक पंथांच्या लोकांची बहुधा पबमध्ये भरणारी बैठक. कुणी काही शिकवत नाही, माणसं कळतात. गार्डनर नग्नतावादी होता, त्यामुळे काही कोव्हन आजही विवस्त्र विधी करतात. ते चालणार आहे का, हे आधी स्वतःला विचारा आणि त्यांनाही स्पष्ट विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, किंवा दीक्षेच्या नावाखाली शरीरसंबंधाची भाषा आली, तर पर्स उचलायची आणि निघायचं. अठरा वर्षांखालच्यांना बहुतेक मंडळी घेतच नाहीत, हे बरंच आहे.

५. एकट्याने करणंही मान्य आहे. स्कॉट कनिंगहॅम यांचं १९८८ चं पुस्तक त्यासाठीच आहे.

६. विक्कातलं आठ सणांचं वर्षचक्र इंग्लंडच्या हवेचं आहे, त्यात पावसाळ्याला जागाच नाही. मार्चमध्ये पुण्यात घामाघूम होऊन वसंतागमनाचे विधी कशाला? ‘माबॉन’ हे शरदसंपाताचं नावसुद्धा १९७० च्या दशकातलं. तुमच्या खिडकीबाहेर जो ऋतू असेल तो धरा.

७. बचनाग, धोतरा यांच्या वाटेला जाऊ नका. चेटकिणींच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जुन्या मलमांच्या कृती कितीही मोहक वाटल्या तरी हे विष आहे.

८. गावी गेलात की जपून. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म ‘विक्का’ लिहिला आणि त्यासाठी कुणाच्या दारावर दगड पडले नाहीत. नंदुरबारच्या पाड्यांवर मात्र ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला मार खावा लागतो, गाव सोडावं लागतं. तिने कसलीही दीक्षा घेतलेली नसते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमकी करणी करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. अलौकिक शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं किंवा धाक घालणंही त्यात येतं. तेव्हा मावशीच्या गुडघेदुखीवर किंवा शेजाऱ्याच्या अडलेल्या लग्नावर तोडगा देऊ नका, गमतीतही नाही. मावशीला हाडांच्या डॉक्टरकडे न्या.