जाते गहाण घेऊ नये

अभ्यासपाठ : प्रौढांचे वर्ग व रविवारच्या शाळेचे शिक्षक यांच्यासाठी

शास्त्रवाचन : अनुवाद २४:६, १०-१५, १ राजे २१:१-१६

पाठाचा हेतू : नुकसान झालेल्या माणसाला मदत करणे आणि त्याला न्याय देणे यांतला फरक, समुद्रकिनाऱ्यावरच्या मासेमारांच्या उदाहरणावरून समजून घेणे.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कर्ज देणाऱ्यासाठी एक लहानसा नियम आहे. कर्जाबद्दल गहाण घेण्यास मनाई नाही. परंतु कोणाचे जाते, किंवा जात्याची नुसती वरची तळीही, उचलून नेऊ नये, असे तो नियम सांगतो. ज्यांच्या घरी आजीच्या वेळेपर्यंत जाते होते त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. वरची तळी गेली की खालची घरात असून नसल्यासारखीच. ज्याच्यावर रोजची भाकर अवलंबून आहे ती वस्तू नेणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय. हा नियम मनात धरून आपण आता गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊ.

१. रापणीचा समुद्र

रापण हे फार मोठे जाळे असते. होडीतून ते किनाऱ्यालगतच्या पाण्यात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभी असलेली माणसे ओढून घेतात. हे एका घरच्या माणसांचे काम नव्हे. त्याला वाड्यातले कित्येक हात लागतात. बांगडे, तारल्या किनाऱ्यावर आल्या की वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा वाटा असतो तसा दोर ओढणाराचाही असतो. पुढे टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, उरलेले मासे खारवून पावसाळ्यासाठी सुकवणे, हे काम बायकांचे. ख्रिस्ती व हिंदू अशा दोन्ही समाजांतली घरे या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगली.

या साऱ्याला दोनच गोष्टी लागतात : किनाऱ्याजवळचे उथळ पाणी आणि मोकळी वाळू. उथळ पाण्यातच पुष्कळशा माशांची पिल्ले वाढतात. रापणकाराचे जाते ते हेच.

२. तळी कशी उचलली गेली

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर यांत्रिक ट्रॉलरांसाठी सरकारी कर्जे व अनुदाने मिळू लागली. परदेशांत कोळंबीला चांगला भाव होता. मासेमारी सुधारावी व उत्पन्न वाढावे हा हेतू काही वाईट नव्हता. परंतु ज्याच्याजवळ तारण ठेवण्यास काही आहे त्यालाच कर्ज मिळते. त्यामुळे ज्यांच्या घरी कधी जाळे नव्हते असे पैसेवाले लोकही ट्रॉलरांचे मालक झाले. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. कोळंबी किनाऱ्याजवळ सापडते, म्हणून ट्रॉलरही तेथेच येऊ लागले. लहान मासळी, अंडी, तळावरचे जीव सारे त्यात सापडे आणि कित्येकदा रापणही फाटून जाई. मग दोर ओढूनही वाट्याला काही येईना.

येथे आपण नीट विचार केला पाहिजे. रापणकाराच्या घरात कोणी चोरी केली नव्हती. त्याची होडी, त्याचे जाळे त्याच्यापाशीच होते. खालची तळी घरातच होती. वरची तेवढी गेली.

३. त्यांनी काय मागितले

१९७० नंतरच्या दशकात हे लोक 'गोंयच्या रांपणकारांचो एकवट' या नावाने एकत्र आले. शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा हे त्यांच्या पुढाऱ्यांपैकी होते. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. समुद्रात व किनाऱ्यावर झगडेही झाले. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील मासेमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष साल्ढाणाच होते.

त्यांची मुख्य मागणी लक्षात घेण्यासारखी आहे. आम्हांला धान्य द्या, पैसे द्या, असे ते म्हणत नव्हते. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचे पाणी यंत्रांपासून मोकळे ठेवा, एवढेच ते मागत होते. म्हणजे भाकर नव्हे, जाते परत मागत होते. १९८० साली गोव्यात व केरळात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. महाराष्ट्रात तो १९८१ साली झाला. केरळने किनाऱ्याजवळच्या समुद्रात पर्ससीन जाळ्यांना घातलेली बंदी १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली. गरिबाच्या उपजीविकेचे रक्षण करणे हे राज्याचे काम आहे, ही गोष्ट अशा रीतीने कायद्यात आली.

तथापि कायदा लिहिला म्हणजे तो पाळला गेला असे होत नाही. रात्रीच्या अंधारात पाच किलोमीटरची रेघ कोणाला दिसणार? पुढे प्रखर एलईडी दिवे लावून मासळी ओढून घेण्याचा प्रकार सुरू झाला. त्यावर केंद्र सरकारला २०१७ साली बंदी घालावी लागली आणि त्या बंदीच्या अंमलबजावणीसाठीही तक्रारी कराव्या लागल्या. दरम्यान पुष्कळांनी रापण सोडून इंजिनाच्या लहान होड्या घेतल्या. आज गोव्यात रापण ओढताना थोड्याच ठिकाणी दिसते.

एक बाजू आणखी पाहावी. आज ट्रॉलरवर राबणारे बरेचसे खलाशी झारखंड, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून आलेले गरीब मजूर असतात. वाचनातील १४ व १५ ही वचने पाहा. मजूर आपल्यातला असो की परका, त्याच्यावर जुलूम करू नये आणि त्याची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे तेथे सांगितले आहे. न्याय मागताना एका गरिबाला दुसऱ्या गरिबाचा शत्रू करून चालणार नाही.

४. मदत कोणाला पोचते?

गोव्यातली हानी हळूहळू झाली. ती एका दिवसात होते तेव्हा काय घडते हे पाहण्यासाठी तामिळनाडूचे उदाहरण घेऊ. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा आल्या. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली; त्यांतील सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातली होती. त्यानंतर देशोदेशीच्या संस्था, त्यांत ख्रिस्ती संस्थाही, धावून आल्या. ही करुणा खरी होती आणि तिने पुष्कळांना सावरले.

परंतु मदत करणाऱ्यांच्या डोळ्यांना फुटलेली होडी प्रथम दिसली. होडी दिल्याचे छायाचित्र निघते, तिच्यावर देणाऱ्याचे नाव रंगवता येते. काही गावांत तर पूर्वी होत्या त्यांहून अधिक होड्या आल्या आणि तेवढ्याच मासळीमागे अधिक जाळी लागली. उलट डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी बाई, दुसऱ्याच्या होडीवर राबणारा मजूर, किनाऱ्यामागच्या वस्तीत राहून त्याच धंद्याच्या आधारावर जगणारे दलित कुटुंब, यांची नावे आरंभीच्या याद्यांत पुष्कळदा आलीच नाहीत. लाटेने त्यांचेही जाते नेले होते. पण ते दाखवण्यासारखे नव्हते.

आपल्या मंडळ्याही पुरात, दुष्काळात मदत करतात. म्हणून हा धडा आपल्यासाठी आहे. यादी करण्यापूर्वी, 'तुमचे काय मोडले?' एवढेच विचारू नये. 'तुम्ही कशावर जगत होता?' हे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मालक उत्तर देतो. दुसऱ्याला त्याच्याकडचा मजूर आणि मासळी विकणारी विधवाही उत्तर देऊ शकते.

५. नाबोथाचा मळा

त्याच किनाऱ्यावर घरांचा प्रश्न निघाला. समुद्रापासून २०० मीटरांच्या आत राहणाऱ्यांपुढे तामिळनाडू सरकारने मार्च २००५ मध्ये पर्याय ठेवला. मागे सरकल्यास नवे घर फुकट मिळणार, मात्र जुनी जागा सरकारच्या स्वाधीन करावी लागणार. तेथेच राहिल्यास दुरुस्ती ज्याची त्याने करावी, सरकारी मदत नाही. जीव वाचावेत हा यातला हेतू समजण्याजोगा आहे. पण मासेमाराला घरातून समुद्राचा रंग पाहावा लागतो, होडीवर नजर ठेवावी लागते, जाळे वाळत घालावे लागते. किनारा त्याची केवळ राहण्याची जागा नाही.

अहाब राजाने नाबोथाला आधी चांगलाच मोबदला देऊ केला होता, हे आपण विसरतो. याहून चांगला मळा किंवा रोख किंमत घे, असे तो म्हणाला. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. राजाला मळा हा जमिनीचा तुकडा दिसला. नाबोथाला त्याचे घराणे दिसले. आज हॉटेल, बंदर, रस्ता यांसाठी किनाऱ्याचे मोल केले जाते तेव्हा हाच फरक पुढे येतो. १९९१ साली केंद्र सरकारने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या किनाऱ्यावर बांधकामाची बंधने घातली. पुढे त्यांत वरचेवर बदल झाले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकाम-निषिद्ध पट्टा ५० मीटरांवर आणण्याची तरतूद केली. मोकळी वाळू कमी झाली की मासळी सुकवणारीची जागा आधी जाते.

६. त्यांना विचारले का?

मुंबईत वरळी कोळीवाड्यापुढे किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब उभे राहणार होते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरे, असे आराखडा करणाऱ्यांचे म्हणणे होते. भरती-ओहोटीत आणि वाऱ्यात होडी कशी हेलावते हे जाणणारे कोळी म्हणाले, एवढ्यातून आमच्या होड्या सुखरूप जाणार नाहीत. त्यांनी पुष्कळ दिवस हा आग्रह धरला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. कोळ्यांना हवे होते तेवढे ते नव्हते. तरी त्यांचे ज्ञान हेही ज्ञान आहे, हे मान्य करावे लागले.

यावरून आम्हांला वाटते की किनारा पुन्हा उभा राहिला की नाही हे तीन गोष्टींवरून ठरवावे. जगण्याचे साधन परत मिळाले का? सर्वांत मागे उभा असलेला मोजला गेला का? आणि निर्णयाआधी त्यांना विचारले गेले का? या तिन्हींना 'नाही' असे उत्तर असेल तर वाटलेली रक्कम कितीही मोठी असो, ती जाते नेलेल्या घरात टाकलेली पिठाची पिशवी होय. पीठ संपते.

शिक्षकांसाठी सूचना

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वर्गांत समुद्र न पाहिलेली मुले असतील. त्यांच्यासाठी एक लांब दोर आणावा. मुलांनी तो दोन्ही टोकांनी मिळून ओढावा आणि मग चणे किंवा शेंगदाणे वाटे करून घ्यावेत. नंतर एकाच मुलाने सारे दाणे घेतले तर काय होईल, हे मुलांनाच विचारावे. उत्तर आपण सांगू नये.

मोठ्यांच्या वर्गात बाजाराचा विषय काढावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तेव्हा पिल्लांएवढी मासळी स्वस्त मिळाली तरी न घेणे हे आपल्या हातचे आहे. तसेच दारावर येणाऱ्या मासळीवालीशी घासाघीस करण्यापूर्वी तिची टोपली कोणत्या किनाऱ्यावरून, किती हातांतून आली हे एकदा तरी तिला विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणाचे 'जाते' विकासाच्या नावाखाली उचलले गेले आहे काय?

२. रापणकारांनी पैशांऐवजी पाणी मागितले. यात शहाणपण कोणते?

३. आपल्या मंडळीने मागील संकटात केलेल्या मदतीच्या यादीत कोणाची नावे राहून गेली असतील?

४. नाबोथाला दुप्पट किंमत दिली असती तर ते न्यायाचे झाले असते काय?