दोरीवरची पुस्तकं: मार्कंड्यातल्या घरगुती शाळेचा हिशोब

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिथे नदीच्या अंगाला असलेल्या एका कवेलूच्या घरात गेल्या हिवाळ्यात गेले होते. तिथल्या आईला आपल्या चार वर्षांच्या लेकीला घरीच शिकवायला सुरुवात करायची होती. पुस्तकं होती, चांगली चौदा-पंधरा होती, पण काचेच्या कपाटात वरच्या फळीवर, कुलपात. "फाडते ना ताई, म्हणून ठेवली वर," आई म्हणाली. मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

आम्ही छपरीत, खिडकीजवळ, दोन खिळे ठोकून मुलीच्या छातीच्या उंचीवर सुतळी ताणली. पातळ पुस्तकं मधोमध उघडून त्या सुतळीवर टाकली, धुतलेली लुगडी वाळत घालावीत तशी. मुखपृष्ठं बाहेर. मुलगी आली, हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक ओढून काढलं, खाली बसली. दुपारपर्यंत तेच पुस्तक तिने सात वेळा घेतलं आणि सहा वेळा परत टांगलं. सातव्यांदा ते हातात घेऊनच झोपली. खर्च झाला ३० रुपये.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घरी शिकवायचं किंवा शाळेच्या जोडीने घरी शिकण्याची जागा करायची, तर आमच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात पैसा कुठे लावावा आणि कुठे लावू नये, ते लिहिते आहे. खालचे भाव चामोर्शी-मूल बाजूला साधारण जे पडतात ते आहेत. दुकान आणि हंगाम बदलला की थोडे इकडेतिकडे होतील.

आधी हाताची उंची, मग पुस्तकांची संख्या

तीन वर्षांचं मूल साधारण तीन फूट उंच असतं. त्याचं पुस्तक जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या आत नसेल, तर ते पुस्तक मोठ्यांचं आहे. लहान मुलाला पुस्तकाचा कणा वाचता येत नाही, ते चित्र बघून पुस्तक ओळखतं. म्हणून एकाला एक चिकटून उभी लावलेली पन्नास पुस्तकं त्याला दिसतच नाहीत, पण समोर तोंड करून ठेवलेली आठ दिसतात. आठ बाहेर, बाकीची पेटीत, आणि दर रविवारी दोन-तीन बदलायची. पेटीतून महिन्याने निघालेलं जुनं पुस्तक नव्यासारखंच वाटतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

सुतळीवर फक्त पिन मारलेली पातळ पुस्तकं राहतात. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना फळी हवी. आरा गिरणीवर चार फूट लांब, वीतभर रुंद फळीचा तुकडा ३०० ते ४०० रुपयांत मिळतो. १० ते १२ विटांचे ८-९ रुपयांप्रमाणे शंभरेक रुपये. दोन बाजूंना विटांची चळत, वर फळी, झालं. विटेवर एक हात चुना मारला की कपड्यांना लाल लागत नाही. फळी भिंतीला टेकवू नका, चार बोटं सोडा. त्याचं कारण पुढे येतं.

बांबूचा पर्याय आपल्याकडे आहे आणि तो घ्यावा असं मी आवर्जून सांगते. बुरुडाकडून कमच्यांचा उभा रॅक, पुस्तक समोर तोंड करून अडकेल असा, मजुरीसकट ६०० ते ९०० रुपयांत होतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या वस्तू पाहिल्या तर काय मागायचं याची कल्पना येते. मात्र पावसाळ्यात तोडलेला, कोवळा बांबू घेऊ नका. त्यात पिष्ट जास्त असतं आणि घुण त्यावरच जगतो. तीन वर्षांपुढचा, हिवाळ्यात तोडलेला, दोन-तीन आठवडे बोडीत किंवा वाहत्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवलेला बांबू मागा. रॅकखाली पिवळी भुकटी पडू लागली तर घुण लागला समजा.

उधईचा खर्च सगळ्यात मोठा

मी स्वतः एक चूक केली, ती सांगते. पुस्तकं नीट राहावीत म्हणून प्लायचं तयार कपाट विकत घेतलं, साडेचार हजारांना. दुकानदाराने उधई लागणार नाही म्हणून सांगितलं होतं. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. श्रावण संपता संपता एक पुस्तक ओढलं तर ते येईना. जोर लावल्यावर मुखपृष्ठ हातात आलं आणि आतून माती सांडली. मागची फळी पोखरून वाळवीने खालची पूर्ण ओळ खाल्ली होती. कपाटामागे बोटभर जाड मातीची रेघ भिंतीवरून थेट वर गेली होती. कपाट सरकवलंच नव्हतं, म्हणून ती दिसली नाही.

म्हणून भिंत आणि फळी यांत चार बोटं अंतर. विटांवरून उधई चढत नाही असं नाही, चढते, पण तिची रेघ डोळ्यांना दिसते आणि दिसली की खराट्याने मोडता येते. आठवड्यातून एकदा, पुस्तकं बदलताना, मागे हात फिरवायचा. मुलालाच ते काम द्या. 'उधईचा रस्ता शोध' म्हटलं की मुलं मोठ्यांपेक्षा बारकाईने पाहतात.

पैसे लावायचेच असतील तर पत्र्याच्या पेटीवर लावा. झाकण घट्ट बसणारी मध्यम पेटी ८०० ते १५०० रुपयांना मिळते आणि वीस वर्षं टिकते. तळाला वाळलेला कडुनिंबाचा पाला, त्यावर जुनं वर्तमानपत्र, मग पुस्तकं. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या गोड गोळीसारख्या दिसतात, मुलं तोंडात घालतात आणि ते जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पुस्तकं तासभर सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवायची. कडक उन्हात पानं वाकडी होतात आणि डिंक सुटतो.

पुस्तकं कुठून आणि कितीला

जिल्ह्याच्या ठिकाणीही बहुतेक दुकानांत गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात, चित्रांची गोष्टीची पुस्तकं क्वचित. ती मागवावी लागतात. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची आणि एकलव्यची पातळ पुस्तकं साधारण ४० ते १०० रुपयांत येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची थोडी महाग, पण माधुरी पुरंदरे यांचं एक तरी पुस्तक घरात असावं हा माझा आग्रह आहे. त्यांच्या चित्रांतली घरं आपल्या घरांसारखी पसारा असलेली असतात, आणि मूल त्या पसाऱ्यात आपली वस्तू शोधत बसतं. सुरुवातीला बारा पुस्तकं पुरे. सातशे-आठशे रुपये.

टपालाचा खर्च पूर्वी पुस्तकाइतकाच व्हायचा. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तक मागवताना प्रकाशकाला किंवा विक्रेत्याला 'ज्ञान पोस्टाने पाठवा' असं स्पष्ट सांगा. तीन-चार घरांनी मिळून एकच पुडकं मागवलं तर दर पुस्तकामागे टपालाचे चार-पाच रुपये पडतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, रंगीत खडू यांवरचाही गेला. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

फुकट मिळणाऱ्याकडे आपलं लक्षच जात नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक तिथेच वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतल्या शेकडो गोष्टी उतरवून घेता येतात आणि छापायलाही मनाई नाही. गोंडीतल्या गोष्टीही आहेत. झेरॉक्सवाल्याकडे काळं-पांढरं पान दोन रुपयांना पडतं. सोळा पानांची गोष्ट एका कागदावर चार पानं बसवून, पाठपोट छापली तर वीस रुपयांच्या आत पुस्तक. रंग मूल भरेल.

यात एक गोष्ट मला पैशापेक्षा महत्त्वाची वाटते. चामोर्शी तालुक्यात कुणाच्या घरी झाडीबोली, कुणाच्या घरी गोंडी, आणि निर्वासित म्हणून येऊन वसलेल्या गावांत बंगाली. पुस्तकातली मराठी या मुलांना पहिल्या दिवशी परकी असते. त्यांची पहिली दोन-तीन पुस्तकं घरी बनवावीत. एक कोरा कागद आठ भागांत दुमडायचा, मधल्या घडीवर एक काप द्यायचा आणि उभा करून मिटायचा, की आठ पानांचं पुस्तक तयार. 'आजीचा कोंबडा', 'आमचं धान', 'नावेत बसलो' असं काहीही. आजी सांगते ते तिच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. खर्च एक रुपया. मी पाहिलंय, सुतळीवरून सगळ्यात आधी तीच निघतात.

शिकण्याचं सामान

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मॉन्टेसोरीची साधनं परदेशी धाटणीची आणि महाग होती. त्यांनी त्यामागचं तत्त्व घेतलं आणि साधनं गावातली घेतली: बिया, शिंपले, गोटे, पानं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आज शहरात 'मॉन्टेसोरी संच' म्हणून तीन-चार हजारांना लाकडी ठोकळे विकले जातात. ते वाईट नाहीत, पण आपल्याला त्यांची गरज नाही.

मोजायला चिंचोके आणि मोहाची टोरी. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. असे सहा अर्धे उडवायचे: चार काळे, दोन पांढरे, मिळून सहा. पुन्हा उडवायचे: पाच आणि एक, तरी सहाच. बेरीज शिकवावी लागत नाही. बांबूच्या वेगवेगळ्या लांबीच्या दहा कांड्या म्हणजे लहान-मोठं आणि क्रम. वाळू पसरलेलं ताट म्हणजे अक्षर गिरवायची पाटी. सूप, पायली, तराजू घरात असतातच.

जंगलातल्या सगळ्याच बिया मात्र खेळायच्या नसतात. गुंज दिसायला सुंदर, लाल-काळी, पण चावली गेली तर विषारी आहे. एरंड आणि चंद्रज्योतीच्या बियाही तशाच. बिब्ब्याचा रस कातडी जाळतो. या चार गोष्टी शिकण्याच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर चिंचोकेही वापरून झाले की झाकणाच्या डब्यात.

फळा विकत घेऊ नका. सिमेंटच्या भिंतीवर तीन फूट बाय दोन फुटांचा चौकोन फळ्याच्या रंगाने रंगवा, खालची कड जमिनीपासून फूटभर वर. रंग आणि ब्रश मिळून दोनशे-सव्वादोनशे. मातीच्या भिंतीवर रंग धरत नाही, तिथे हार्डबोर्डचा तुकडा रंगवून टांगायचा. चटई २५० रुपये. खडूची पेटी ३०. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून वीज गेल्यावरही चालणारा बॅटरीचा दिवा ३५०. टेबल-खुर्ची नको. या वयाचं मूल पालथं पडून वाचतं, मांडी घालून लिहितं.

फळी-विटा, सुतळी, चटई, फळा, खडू, दिवा, हजाराची पेटी आणि बारा पुस्तकं धरून तीन हजारांच्या आसपास जातं. हात आखडता असेल तर सुतळी, सहा पुस्तकं, एक पाटी आणि खडू: पाचशेच्या आत. पेटी पावसाळ्याआधी घेतली तरी चालेल.

अंगणवाडी सोडू नका

घरी शिकवता म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं नाव अंगणवाडीतून काढू नका. तिथला गरम आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरण हे सगळं मोफत आहे, आणि घरात मिळत नाहीत असे सवंगडी तिथे असतात. सहा वर्षांपुढे शिक्षण हक्क कायदा लागू होतो. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे आणि ६ ते १४ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पूर्ण घरीच शिकवणाऱ्यांसाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे, तसंच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. जन्माचा दाखला आणि आधार आजच नीट करून ठेवा, तेही त्याच पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या भागातल्या बहुतेक घरांनी मात्र गावच्या जिल्हा परिषद शाळेत नाव ठेवून घरी हा कोपरा चालवावा, असं माझं मत आहे. शाळेतून आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, आणि शिकण्याची गोडी घरच्या कोपऱ्यात लागते.

राहिला नदीचा विषय. गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वर पाऊस लागून राहिला की वैनगंगा एका रात्रीत फुगते. जूनच्या पहिल्या आठवड्यातच पेटीची जागा ठरवा: माळा किंवा गावातल्या उंचावरच्या नातेवाइकाचं घर. पूर्ण भरलेली पेटी एकट्या बाईला उचलत नाही, म्हणून एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान घेतल्या तर बऱ्या. आणि मुलाच्या दप्तरात त्याने स्वतः निवडलेली दोन पुस्तकं कायम असू द्या. नदीकाठच्या त्या मुलीने हत्तीचं ठेवलं आहे, आणि आजीच्या कोंबड्याचं.