सावलीचा आडोसा

बहारीनच्या वायव्येला, सौदीकडे जाणाऱ्या किंग फाहद कॉजवेच्या अलीकडे आमचं जनाबिया. खजुराच्या बागा, उंच कुंपणांचे व्हिला, उंटांचं मोठं फार्म आणि वर्षातले बहुतेक दिवस ढगाचा ठिपका नसलेलं आभाळ. मी फोटो काढते म्हटलं की लोक म्हणतात, "मग काय, तुमच्याकडे उजेडाला तोटा नाही!" उजेड आहे, पण जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. भुवयांची सावली थेट डोळ्यांत उतरते आणि चेहऱ्यावर दोन काळे खळगे उरतात. म्हणून पोर्ट्रेट मी घरातल्या एका खोलीत, खिडकी झाकून करते. कायमचे गावी परतणारे काका, हिवाळ्यात मुलाकडे आलेल्या आजी, शेजारचे बहारिनी आजोबा, नव्यानं संसार मांडलेली जोडपी अशी माणसं या खोलीत बसून गेली. त्यांच्या चेहऱ्यांनी जे शिकवलं ते इथे मांडते आहे.

१. आधी खोली काळी करा.

इथल्या घरांच्या भिंती पांढऱ्या, छत पांढरं, फरशी फिकी आणि चकचकीत. अशा खोलीत एक लाइट लावली तरी तिचा उजेड चारही बाजूंनी परत येतो आणि गालावर मुद्दाम पाडलेली सावली भरून टाकतो. फोटो सपाट येतो, आणि माणूस आणखी महागाची लाइट घ्यायला निघतो. लाइट बदलू नका, भिंत झाका. मनामाच्या बाजारात अबायासाठीचं काळं कापड ताग्यानं मिळतं. त्यातलं जाड, चकाकी नसलेलं निवडायचं आणि दुकानाबाहेर उन्हात धरून बघायचं; ट्यूबखाली काळंभोर दिसणारं कापड उन्हात कधीकधी तपकिरी निघतं. ते बसणाऱ्याच्या सावलीच्या बाजूला, छतापासून जमिनीपर्यंत सोडायचं. फरशीवर एखादी गडद सतरंजी. सावलीला राहायला जागा लागते, ती अशी करून द्यावी लागते.

२. एकच लाइट लावा आणि नाकाची सावली बघा.

लाइट कॅमेऱ्याच्या वर, चेहऱ्याच्या बरोबर समोर धरली की नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते. जुन्या हॉलिवूडनं नट्यांसाठी हीच वापरली. गालाची हाडं उठून दिसतात, चेहरा देखणा होतो आणि थोडा दूरचाही. लाइट हळूहळू बाजूला न्या. नाकाची सावली तिरकी होऊन गालावर टेकते, चेहरा गप्पांना बसल्यासारखा वाटतो. आणखी बाजूला आणि जरा वर नेली की ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधारातल्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण शिल्लक राहतो. हा चित्रकार रेम्ब्रांटचा उजेड. त्रिकोण डोळ्याइतपत रुंद आणि नाकाच्या लांबीपेक्षा आखूड ठेवावा. तो आला की माणूस विचारात असल्यासारखा दिसतो, मग तो प्रत्यक्षात रात्रीच्या भाजीचा विचार का करत असेना. लाइट अगदी कानाच्या रेषेत नेली की चेहरा उभा दुभंगतो. असा उजेड मी क्वचित वापरते; त्याचा कडकपणा फार थोड्या माणसांच्या स्वभावात असतो.

हे सगळं पुस्तकात वाचता येतं, पण एकदा तरी कुणाला तासभर बसवून, मॉडेलिंग लॅम्प चालू ठेवून, वीतभर वीतभर स्टँड सरकवत डोळ्यांनी बघायला हवं. भाव कुठल्या वितीला बदलतो ते प्रत्येक नाकागणिक वेगळं असतं.

३. खालून आलेला उजेड भीतीचाच असतो, हे खरं नाही.

टॉर्च हनुवटीखाली धरून मुलं एकमेकांना घाबरवतात, त्यावरून हा समज पक्का झाला आहे. तो मोडायचा असेल तर सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र बघा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यांची मुलगी गीता समोर उभी आहे, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. उजेड खालूनच येतो आहे. तरीही चेहरा शांत, आतून उजळलेला वाटतो, कारण ज्योत उघडी नाही. ती हातानं अडवली आहे, बोटांच्या मांसातून गाळून आली आहे, आणि तिचा उबदार रंग पदरावरून, गळ्यावरून चढत चेहऱ्यापर्यंत पोचताना मऊ झाला आहे. शिवाय हे जलरंगात आहे. एकदा गडद केलेला कागद तिथे सहज उजळता येत नाही, म्हणजे उजेड कुठे राखायचा हे आधीच ठरवलेलं असणार. दिशेइतकाच उजेडाच्या वाटेत काय ठेवलंय यावर भाव ठरतो, हे मी कुठल्याही लाइटिंगच्या वर्गापेक्षा या चित्राकडून शिकले.

४. सावलीपेक्षा सावलीची कड जास्त बोलते.

सॉफ्टबॉक्स चेहऱ्याजवळ असेल तर तो चेहऱ्याच्या मानानं मोठा, त्यामुळे कड विरघळते. तोच दूर नेला की तो लहान होतो आणि कड सुरीसारखी येते. पण जवळ-दूरचा आणखी एक परिणाम आहे. लाइट एक मीटरवरून दोन मीटरवर नेली तर चेहऱ्यावर निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उजेड उरतो. कॅमेऱ्याच्या हिशेबात दोन स्टॉप. माणूस लाइटपासून एक मीटरवर आणि पाठीमागची भिंत तीन मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याचा उजेड मिळतो, ती जवळपास अंधारात जाते आणि माणूस एकटा होतो. माणूस आणि भिंत जागच्या जागी ठेवून लाइट आणखी दोन मीटर मागे न्या, की भिंतीला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड मिळतो आणि माणूस पुन्हा घरात येतो. एकटेपणा आणि घर यांत असं दोन मीटरचं अंतर असतं. आजींचे फोटो मी दुसऱ्या तऱ्हेनं काढते.

५. फिल काढून घ्या, माणूस मोकळा होईल.

सावली भरायला, म्हणजे फिल म्हणून, त्या बाजूला पांढरं थर्माकोल उभं करायची सवय आपल्याकडच्या प्रत्येक स्टुडिओत आहे. त्यानं सावली उजळते, डाग लपतात, गिऱ्हाईक खूश. गौतम राजाध्यक्षांनी हा मऊ, भरलेला उजेड फार उंचीवर नेला. त्यांनी टिपलेले लता मंगेशकरांपासून नव्या नट्यांपर्यंतचे चेहरे बघताना कॅमेऱ्यामागच्या माणसाची माया जाणवते. त्या उजेडाबद्दल मला आदरच आहे. पण तो ज्यांना लोकांच्या नजरेची सवय आहे अशा चेहऱ्यांचा उजेड आहे.

जहाजदुरुस्तीच्या यार्डात उभं आयुष्य काढलेले एक काका कायमचे रत्नागिरीला निघाले होते. काकूंनी आग्रहानं आणलं. दोन्ही बाजूंनी उजेड, समोर कॅमेरा. काकांनी खांदे ताठ केले, हनुवटी वर, पासपोर्टच्या फोटोचा चेहरा. "हसू का?" "नको काका, नुसते बसा." मी थर्माकोल उचललं आणि त्या जागी काळं कापड ओढलं. तेव्हा घडलं ते मी त्यानंतर पुष्कळ जणांच्या बाबतीत बघितलं आहे: काकांचे डोळे आपोआप अंधाऱ्या बाजूला वळले. लाइट डोळ्यांवर येते, अंधारात डोळ्यांना विसावा मिळतो, इतकं साधं कारण. पण त्या बाजूला वळल्यावर खांदे उतरले, ओठांची घडी सुटली, आणि ते यार्डातल्या उन्हाबद्दल, पहिल्या पगारातून पाठवलेल्या पंख्याबद्दल बोलू लागले. काकू म्हणाल्या, "एवढं तर हे घरी पण बोलत नाहीत हो." चेहऱ्याची एक बाजू झाकलेली असली की माणूस दुसरी उघडी ठेवायला तयार होतो. सगळंच उजळून मागितलं तर तो काहीच देत नाही.

अशा वेळी चेहरा लाइटकडे थोडा वळवून कॅमेऱ्याजवळचा गाल सावलीत ठेवावा. बघणाऱ्याला सावली ओलांडून माणसापर्यंत जावं लागतं.

६. कपडे आणि दागिने हीसुद्धा लाइटच आहे.

शेजारचे आजोबा पांढऱ्या थोबमध्ये, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात, बसले की मांडीवरचं कापड खालून हनुवटी उजळतं. फिल न मागता मिळतो. नको असेल तर मांडीवर काळं कापड टाकायचं. अबाया नेमकं उलटं करतो, आणि गळ्याची रेघ हरवू नये म्हणून मागून बारीक लाइट द्यावी लागते. आपली नथ मात्र सगळ्यांत हट्टी. ती डाव्या नाकपुडीत. लाइट उजवीकडे असेल तर नथ नाकाच्या सावलीत जाते आणि मोती मरतात. डावीकडून उंचावरून दिली तर मोती चमकतात, पण नथीची सावली वरच्या ओठावर पडून मिशीसारखी दिसते. लाइट डावीकडेच ठेवून खाली आणायची, सावली ओठावरून सरकून नाकाच्या अंगाला लागेपर्यंत. तेवढ्यात पैठणीचा जर पेटला तर पदर बोटभर आत मुडपायचा. ही खटपट नथ घालून बसलेल्या वहिनींना आरशात दाखवत करावी, त्या स्वतःच सांगतात, "आता बरोबर."

७. डोळ्यात ठिणगी हवी.

लाइट फार वर गेली की खोल डोळ्यांतला चमकता ठिपका जातो आणि नजर विझते. कितीही सावली ठेवा, तो ठिपका निदान एका डोळ्यात राहू द्या.

८. लाइट माणूस यायच्या आधी लावून ठेवा.

युसुफ कार्शनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात चर्चिलच्या तोंडातला चिरूट काढून घेतला आणि तो प्रसिद्ध चिडलेला चेहरा टिपला, ही गोष्ट सगळे सांगतात. कार्शनी लाइट आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. चिडका क्षण टिकून टिकतो किती? त्या क्षणात स्टँड सरकवायला वेळ नसतो. मी घरातल्या कुणालातरी खुर्चीत बसवून सगळं जुळवते आणि खुर्चीच्या पायांना जमिनीवर टेपच्या खुणा करते. पाहुणे आले की फक्त चहा आणि बोलणं.

९. ऊन अगदीच टाकून देऊ नका.

कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल' या चित्रपटासाठी (१९५९) आरशांवरून ऊन स्टुडिओच्या आत आणलं आणि तो झोत लोकांच्या लक्षात राहिला. जानेवारीत सकाळी, ऊन तिरपं असताना, मी अंगणात आरसा ठेवून दाराच्या फटीतून तसा झोत आत घेते. झोत दिसायला हवेत काहीतरी तरंगावं लागतं. त्यासाठी बुखूरचा, म्हणजे इथल्या सुगंधी धुपाचा, एक खडा पुरतो. कुठल्याही स्ट्रोबला हा उजेड येत नाही.

१०. फोटो कुठे लागणार ते विचारा.

"अर्धा चेहरा काळा का आला?" असं गावाकडून फोनवर विचारतात. मोबाइलवर, उन्हात उभं राहून बघितला तर येणारच. म्हणून मी छापलेला फोटोच देते, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर समोरची ट्यूब उमटते आणि सावलीतले बारकावे पुसून टाकते. काच लावायचीच असेल तर खिडकीसमोरची भिंत टाळायला सांगते. काकांचा फोटो रत्नागिरीला माजघरात, खिडकीच्या आडव्या भिंतीवर लागला आहे. काकूंनी फोटोचा फोटो पाठवला तेव्हा त्यात यार्डाबद्दल बोलतानाचे डोळे नीट दिसत होते.