'चाचे' हा शब्द जपून वापर

अलिबाग

चि. चिमणी,

तुझ्या प्रबंधाचं टिपण दोनदा वाचलं. 'कोकण किनाऱ्यावरचे चाचे, 1690 ते 1760' हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. फक्त मथळ्यातला 'चाचे' हा शब्द एवढ्यात कायम करू नकोस. तुझ्या यादीत इंग्रज लुटारू हेन्री एव्हरी आणि कान्होजी आंग्रे शेजारी शेजारी बसले आहेत, ते मला खटकलं.

एव्हरीने 1695 मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं, तेव्हा त्याच्यामागे कुठलंही राज्य नव्हतं. त्याच्यापायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज मात्र कैदेत पडले. कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांच्या हाती किल्ले होते, मुलूख होता. ते दस्तकं, म्हणजे जहाजांना परवाने, देत आणि बिनदस्तकाचं जहाज धरून बंदरात आणत. ही रीत त्यांनी काढलेली नव्हती. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यायला याच समुद्रात लोकांना भाग पाडत होते, आणि मुंबईकर इंग्रजही स्वतःचे पास देत. या पाण्यावर परवाना कुणाचा चालायचा, हे खरं भांडण. ते तुझ्या पहिल्या प्रकरणात आलंच पाहिजे.

1712 चं अल्जेरीन प्रकरण तू दोन ओळींत उरकलं आहेस. त्याला चांगली दहा पानं दे. मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची ही सशस्त्र नौका नोव्हेंबरात कारवारकडे निघाली असताना आंग्र्यांच्या आरमाराने धरली. कारवारच्या वखारीवर चाललेला चाऊन नावाचा इंग्रज अधिकारी तोफेच्या गोळ्याने मेला आणि त्याची तरुण बायको आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात कैदेत राहिली. पुढच्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला सोडलं. इंग्रजी पुस्तकं तिच्या हालांपाशी थांबतात. ते हाल खरे आहेत, ते गाळू नकोस. पण त्याच सुमाराला झालेल्या तहाचं एक कलम नीट वाच: जहाजं खरोखर इंग्रजांची असतील तरच त्यांवर इंग्रजी निशाण लागेल. हे कलम घालावं का लागलं, असा प्रश्न स्वतःला विचार. दुसऱ्यांची जहाजं त्या निशाणाच्या आडोशाने दस्तक चुकवत होती, हाच कान्होजींचा आक्षेप होता.

आता तारखांचं. याबाबत मी स्वतः पोळलो आहे. एकाच गलबताची जप्ती मी दोन म्हणून मोजली होती, कारण इंग्रजी पत्रातली आणि पोर्तुगीज पत्रातली तारीख अकरा दिवसांनी वेगळी होती. इंग्रज 1752 पर्यंत जुनं पंचांग धरून होते, पोर्तुगीजांनी ते 1582 मध्येच सोडलं होतं. वर दुसरी अडचण अशी की, इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं. म्हणून चाऊनबाईंच्या सुटकेवर 'फेब्रुवारी 1712' असं दिसलं तरी आपल्या हिशेबाने ते 1713. मोडी कागदावर तुला सुहूर सन अरबी शब्दांत भेटेल. 'इसन्ने अशर मया अलफ' म्हणजे 1112. त्यात 599 मिळव, म्हणजे 1711 येईल. पण हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवायचे. एक जप्ती दोनदा मोजण्याची माझी ती चूक छापून गेली आणि पुढे दुसऱ्यांनीही उचलली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नावांनाही फसू नकोस. इंग्रजी कागदातलं 'घेरिया' म्हणजे विजयदुर्ग, आणि 'हेनरी-केनरी' म्हणजे आपल्या थळसमोरचे उंदेरी-खांदेरी.

मोडी शिकायला आजच बस. पुण्याचं पेशवे दफ्तर, मुंबईचं पुराभिलेखागार आणि पणजीचा दफ्तरखाना या तिन्ही ठिकाणी गेल्याशिवाय एकही प्रकरण लिहू नकोस. एका प्रसंगाचे दोन बाजूंचे कागद समोर आले की मगच लेखणी उचल.

आणि आंग्र्यांच्या प्रेमापोटी दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. मी अलिबागचा, मला ते प्रेम आहे. पण तुळाजी आंग्र्यांविरुद्ध 1755 मध्ये इंग्रजांशी हातमिळवणी खुद्द नानासाहेब पेशव्यांनी केली, हे तुला लिहावंच लागेल. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं, तो मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीचा घात होता असं माझं ठाम मत आहे. इंग्रजांचे सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी लुटीचे वाटे मोहिमेवर निघण्याआधी मुंबईतच ठरवले होते. किल्ल्यात दहा लाखांवर ऐवज सापडला, तो त्यांनी आपसांत वाटून घेतला. या वाटणीचा उतारा आणि एव्हरीची हकिकत एकाच दिवशी वाच, आणि 'चाचे' शब्दाचा अर्थ त्यानंतर ठरव.

शेवटी समुद्र. तो पाहिल्याशिवाय कागद उलगडत नाहीत. खारे आणि मतलई वारे कधी पालटतात ते थळच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला विचार. वारा पडला की इंग्रजांचं जड जहाज जागीच डुलत राहायचं. मग आंग्र्यांची वल्ह्यांची गलबतं गुराब नावाच्या लढाऊ जहाजांना ओढून त्याच्या पिछाडीला आणत, कारण तिथे तोफा कमी. आपल्या गुराबांच्या मोठ्या तोफा नाळेवर, समोर मारा करणाऱ्या. हे डोळ्यांसमोर आलं की लढाईचं वर्णन वाचताना जहाजाचं तोंड कुठे होतं, वारा कुठला होता, हे तू आपोआप शोधू लागशील.

नारळी पौर्णिमा झाली की ये. ओहोटीला कुलाब्यात चालत जाऊ, दुसऱ्या दिवशी होडीने खांदेरीला. पेशवे दफ्तरातल्या त्या कागदाची छायाप्रत बरोबर आण. कोपऱ्यातला सन तुला लागत नाही म्हणालीस ना, तो आधी लावू.

तुझा,
मामा